ई-मेलची बद्धकोष्ठता

पोट साफ होत नाही, ही तक्रार डॉक्टरला रोजचीच. हल्ली तिच्या जोडीला एक नवी तक्रार ऐकू येते. ‘डॉक्टर, लॅबवाले म्हणतात रिपोर्ट ई-मेलवर पाठवला, पण मला तर सापडत नाही!’ मोबाइल उघडून पाहावे, तर न वाचलेल्या पत्रांचा आकडा सात-आठ हजारांच्या घरात गेलेला असतो. साड्यांचा सेल, कर्जाचे आमिष, विमानाची स्वस्त तिकिटे, नोकरीच्या जाहिराती आणि या ढिगाऱ्याखाली कुठेतरी रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट! वाचकहो, हीदेखील बद्धकोष्ठताच आहे.

आरोग्याच्या सदरात ई-मेलचे काय काम, असे कुणी विचारील. आपल्या गावात बराचसा व्यवहार व्हॉट्सअ‍ॅपवर चालतो, हे खरे. पण मोठ्या शहरातल्या लॅबचे रिपोर्ट, रुग्णालयाची कागदपत्रे, आरोग्य विम्याच्या नूतनीकरणाची सूचना हे सारे बहुधा ई-मेलवर येते. विम्याची सूचना नजरेआड झाली, सवलतीचे दिवसही उलटले, की पॉलिसीची साखळी तुटते. मग नवी पॉलिसी घेताना जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाला हे किती महागात पडते, ते वेगळे सांगायला नको.

उपचारांआधी निदान हवे. ई-मेलची पेटी दोन प्रकारे तुंबते. एक, पत्रांची संख्या वाढून. यात जागा फारशी जात नाही, पण कामाचे पत्र डोळ्यांना दिसत नाही. दुसरा प्रकार जागा भरण्याचा. जीमेलला मिळणारी फुकट जागा साधारणपणे 15 जीबी असते आणि ती एकट्या पत्रांसाठी नसते. गूगलवर साठवलेले फोटो, व्हिडिओ आणि इतर फाइलीही त्याच कोठारात जातात. पुतणीच्या लग्नाच्या व्हिडिओने कोठार भरले, तर पत्र येणे आणि जाणे दोन्ही बंद पडते. आलेले पत्र पाठवणाऱ्याकडे परत जाते आणि आपण मात्र रिपोर्टची वाट पाहत बसतो.

निदान झाले, आता उपचार. बद्धकोष्ठतेवर जालीम जुलाब घेऊ नका, असे आम्ही सांगतो. इथेही तेच. वैतागून एका झटक्यात सगळी पत्रे पुसणारे बहाद्दर असतात. पण सुक्याबरोबर ओलेही जळते. जाहिरातींबरोबर दोन वर्षांपूर्वीचा थायरॉइडचा रिपोर्टही जातो आणि पुढे तुलना करायला डॉक्टरच्या हाती काही उरत नाही.

पहिले पथ्य आवक कमी करण्याचे. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यात अर्थ नाही. ओळखीच्या दुकानांकडून किंवा कंपन्यांकडून येणाऱ्या जाहिरातीत ‘अनसबस्क्राइब’ असा शब्द असतो. तो दाबला की त्यांची पत्रे थांबतात. मोठ्या प्रमाणावर जाहिराती पाठवणाऱ्यांनी ही सोय एका दाबात द्यावी आणि दोन दिवसांत विनंती पाळावी, असा नियम गूगलने 2024 मध्ये लागू केला आहे. मात्र अनोळखी, संशयास्पद पत्रातले काहीही दाबू नये. त्याला सरळ ‘स्पॅम’ ठरवून मोकळे व्हावे.

दुसरे पथ्य निवड करण्याचे. दवाखान्यात गर्दी झाली की छातीत दुखणाऱ्याला आधी आत घेतात, सर्दीवाला थांबतो. पत्रांचेही तीन ढीग करावेत. आज उत्तर द्यायचे ते, जपून ठेवायचे ते आणि टाकायचे ते. ‘आरोग्य’ नावाचे एक लेबल करून रिपोर्ट आणि विम्याची पत्रे त्यात ठेवावीत. महत्त्वाचा रिपोर्ट छापून घरच्या फाइलीलाही लावावा. रात्री-अपरात्री दवाखाना गाठायची वेळ येते, तेव्हा पासवर्ड कुणालाच आठवत नाही, फाइल मात्र हाताशी असते.

तिसरे पथ्य जुना साठा काढण्याचे. रोज दहा मिनिटे पुरेत. एखाद्या दुकानाचे नाव शोधावे आणि त्याची सगळी पत्रे एकदम काढावीत. जागा भरली असेल, तर गूगलच्या ‘स्टोरेज’च्या पानावर मोठ्या फाइलींची पत्रे वेगळी दिसतात, तिथून सुरुवात करावी. काढलेली पत्रे 30 दिवस ‘ट्रॅश’मध्ये पडून असतात आणि तोवर जागाही अडवतात. ट्रॅश रिकामा करण्यापूर्वी एकदा नजर फिरवावी, कारण तिथून गेलेले सहसा परत येत नाही.

चौथे पथ्य वेळेचे. दर पाच मिनिटांनी पेटी उघडणे हाही एक विकारच. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 124 जणांवर केलेला एक अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसातून तीनच वेळा ई-मेल पाहण्याच्या आठवड्यात त्या लोकांचा रोजचा ताण, हवे तेव्हा पाहण्याच्या आठवड्यापेक्षा कमी आढळला. औषधासारखे दोन-तीन वेळा पाहावे, एवढाच त्याचा बोध.

आणखी एक गोष्ट. अनेक ज्येष्ठांचे ई-मेल खाते मोबाइल विकणाऱ्याने किंवा पुण्यातल्या मुलाने उघडून दिलेले असते. पत्ता माहीत नाही, पासवर्ड माहीत नाही, तरी लॅबच्या फॉर्मवर तो लिहिला जातो. सलग दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल काढून टाकू शकते. तेव्हा पत्ता व पासवर्ड वहीत लिहून घरात जपून ठेवा. खाते वापरत नसाल, तर ज्याच्यावर भरवसा आहे त्या मुलाचा किंवा सुनेचा पत्ता द्या.

मात्र सगळा दोष रुग्णाच्या माथी मारणे मला मान्य नाही. पाठवला म्हणजे पोहोचला नव्हे आणि पोहोचला म्हणजे वाचला नव्हे. तपासणीत गंभीर काही आढळले, तर लॅबने रुग्णाला आणि त्याच्या डॉक्टरला फोन केलाच पाहिजे. ई-मेल पाठवून हात झटकणे ही सेवा नव्हे.

रुग्णांनीही एक गैरसमज मनातून काढावा. ‘काही कळवले नाही, म्हणजे सगळे ठीक असेल,’ असे समजून कितीतरी लोक स्वस्थ बसतात. गाठीचा तुकडा तपासायला दिलेला असतो आणि त्याचा रिपोर्ट जाहिरातींच्या गर्दीत महिनाभर पडून राहतो. आजार काही रिपोर्ट वाचला जाण्याची वाट पाहत नाही. म्हणून नमुना देतानाच विचारा, रिपोर्ट कोणत्या तारखेला मिळेल? त्या तारखेला तो आला नाही, तर दुसऱ्या दिवशी लॅबला फोन करा. पेटी कितीही स्वच्छ ठेवलीत, तरी हा फोन चुकवू नका.