पिकअपचा टायर : रुंदी दिसते, ताकद दिसत नाही

२२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मालवाहू गाड्यांवरचा करही तेवढाच उतरला. साहजिकच, ‘पुढच्या हंगामात बघू’ म्हणून लांबवलेली टायरखरेदी अनेक पिकअपमालकांनी हाती घेतली. नारायणगावचा टोमॅटो असो की पिंपळगाव बसवंतचा कांदा, शेतातून बाजार समितीपर्यंतचा बराचसा माल याच गाड्या वाहतात. पण टायरच्या दुकानात गेल्यावर बहुतेक वेळा दोनच प्रश्न विचारले जातात : कितीला पडेल आणि जरा मोठा बसेल का? तिसरा प्रश्न, म्हणजे हा टायर किती वजन पेलतो, क्वचितच विचारला जातो. गाडीतल्या माणसांचा जीव मात्र त्याच प्रश्नाच्या उत्तरावर टांगलेला असतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२३ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ७२ हजारांहून अधिक माणसे दगावली. यातले किती अपघात टायरमुळे झाले, हे नेमके सांगणे कठीण असते. पोलिसांच्या पंचनाम्यात ‘चालकाचा ताबा सुटला’ असे एक वाक्य येते आणि ताबा का सुटला, हा प्रश्न तिथेच राहतो. म्हणून अपघातानंतर शोध घेण्यापेक्षा टायर निवडतानाच त्यामागचे साधे विज्ञान समजून घेणे जास्त उपयोगाचे आहे.

टायरवरचे आकडे काय सांगतात?

टायरच्या बाजूवर ‘२१५/७५ आर १५’ असे काहीतरी कोरलेले असते. यातला २१५ हा आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. ७५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, इथे सुमारे १६१ मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी आणि १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. वरची आणि खालची अशा दोन्ही बाजूंची उंची रिमच्या व्यासात मिळवली, की चाकाचा एकूण व्यास निघतो : सुमारे ७०३ मिलिमीटर.

आता याच रिमवर कोणी ‘२३५/७५ आर १५’ चढवला तर? व्यास होतो सुमारे ७३३ मिलिमीटर, म्हणजे चार टक्क्यांहून थोडा जास्त. फरक किरकोळ वाटतो, पण गाडीची सगळी यंत्रणा मूळ व्यास धरून बनवलेली असते. स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो. चाक मोठे झाले, की काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ८३ च्या पुढे धावत असते. शंभर किलोमीटर कापले तरी मीटरवर ९६ च उमटतात. ‘मोठ्या टायरने अ‍ॅव्हरेज पडले’ ही तक्रार काही अंशी इथूनच येते.

ब्रेकचेही तसेच. ब्रेक चाकाच्या मध्याजवळ पकड घेतो, पण ती पकड चाकाच्या कडेला, रस्त्यावर उतरावी लागते. चाकाची त्रिज्या वाढली, की तेवढाच पाय दाबल्यावर रस्त्यावर मिळणारा रोध त्याच प्रमाणात घटतो. भरलेली गाडी घाट उतरत असताना हे चार टक्के जाणवतात.

आणि ज्यासाठी हा खटाटोप करायचा, ती जमिनीपासूनची उंची किती वाढते? व्यास ३० मिलिमीटरने वाढला, तरी आस उचलला जातो त्याच्या निम्मा, म्हणजे फक्त १५ मिलिमीटर. शेतातल्या चाकोरीत दीड सेंटिमीटरने फारसे काही साधत नाही; गाडीचा गुरुत्वमध्य मात्र तेवढाच वर जातो.

मोठी रिम म्हणजे मोठे चाक नव्हे

कंपन्या एकाच गाडीला दोन मापांचे टायर देतात, मग आपण बदलले तर काय बिघडते, असा युक्तिवाद होतो. टोयोटा हायलक्सचे उदाहरण घेऊ. तिच्या एका आवृत्तीत १७ इंची रिमवर ‘२६५/६५ आर १७’ येतो, तर दुसरीत १८ इंची रिमवर ‘२६५/६० आर १८’. दोन्हींचा व्यास काढून पाहा : पहिल्याचा सुमारे ७७६ मिलिमीटर, दुसऱ्याचा ७७५. रिम एक इंचाने वाढली, पण टायरची बाजू तेवढीच कमी करून चाक होते तेवढेच ठेवले आहे. हौसेने मोठे अलॉय बसवणारे नेमकी हीच बेरीज विसरतात.

बाजू उतरली, की तिची गादीही कमी होते. खड्ड्याचा धक्का रबराऐवजी रिमवर येतो. आपल्याकडच्या रस्त्यांवर माल वाहणाऱ्या गाडीला उंच बाजूचा टायर दिलेला असतो, तो याच कारणाने. रिम बाहेरच्या बाजूला सरकलेली असेल, तर चाकाच्या बेअरिंगवर आणि स्टिअरिंगच्या जोडांवर जास्तीचा ताण येतो, तो वेगळाच.

खरा आकडा मापाच्या पुढे असतो

मापानंतर आणखी एक आकडा आणि अक्षर असते, उदाहरणार्थ ‘१०५ एस’. आकडा म्हणजे लोड इंडेक्स, भार पेलण्याचा दर्जा. तो किलो नव्हे, तर एका ठरलेल्या तक्त्यातला क्रमांक आहे. १०० म्हणजे ८०० किलो, १०५ म्हणजे ९२५ किलो, ११२ म्हणजे ११२० किलो, आणि हे वजन एका टायरमागे. मालवाहू टायरवर ‘१०६/१०३’ अशी जोडी असते. त्यातला पहिला आकडा एकेरी चाकासाठी, दुसरा मागे जोडीने लावलेल्या चाकांसाठी. शेवटचे अक्षर वेगाची मर्यादा सांगते : एन म्हणजे १४० किलोमीटर, क्यू १६०, एस १८०.

इथेच सगळ्यात मोठी फसगत होते. समजा, एका पिकअपचा माल भरल्यावर मागच्या आसावर १८०० किलो भार येतो, म्हणजे प्रत्येक मागच्या टायरवर ९००. गाडीचा मूळ टायर २१५ रुंदीचा, मालवाहू जातीचा आणि १०६ क्रमांकाचा आहे. तो ९५० किलो पेलतो, म्हणजे पुरेसा आहे. मालकाने त्याऐवजी २३५ रुंदीचा, दिसायला भरदार, पण मोटारीसाठी बनवलेला १०५ क्रमांकाचा टायर घातला. कागदावर त्याची ताकद ९२५ किलो. पण मोटारीचा टायर मालवाहू गाडीला लावला, तर त्याची क्षमता १.१ ने भागून धरावी, असा अमेरिकेतला नियम आहे, कारण मालवाहू गाडी लादली आणि हाकली जाते ती मोटारीपेक्षा कठोरपणे. भागाकार केला, की उरतात सुमारे ८४० किलो. टायर रुंद झाला, पैसे जास्त गेले आणि ताकद गरजेपेक्षा कमी पडली!

मालवाहू टायरची आणखी एक अट आहे. त्यावर लिहिलेली पूर्ण ताकद त्याला लिहिलेल्या पूर्ण हवेवरच मिळते. मोटारीचा टायर ३५ पौंडांच्या आसपास पूर्ण भार घेतो, तर मालवाहू टायरला बांधणीनुसार ५०, ६५ किंवा ८० पौंड हवा लागते. ‘गाडी आपटते’ म्हणून त्यात ३५ च पौंड ठेवले, तर दर्जेदार टायरही कमजोर टायरसारखाच वागतो. कारण भार खऱ्या अर्थाने पेलते ती कोंडलेली हवा. रबर आणि तारा त्या हवेला धरून ठेवतात.

टायर का फुटतो?

७०३ मिलिमीटर व्यासाचे चाक ताशी ८० किलोमीटर वेगात सेकंदाला सुमारे दहा फेरे घेते. प्रत्येक फेऱ्यात टायरचा प्रत्येक भाग जमिनीला टेकताना दबतो आणि सुटताना सरळ होतो. या दबण्या-सुटण्यात काही ऊर्जा उष्णता होऊन रबरात साचते. हवा कमी किंवा भार जास्त असेल, तर टायर जास्त दबतो आणि उष्णता वाढते. रबर उष्णतेचा मंद वाहक असल्याने ती लवकर बाहेर पडत नाही. हळूहळू आतल्या तारांचे पट्टे आणि रबर यांची पकड सुटू लागते आणि कधीतरी टायरचे वरचे कवच उडते. त्यातून विदर्भातला मे महिना, दुपारची तापलेली सडक आणि थांबा न घेता केलेला प्रवास असेल, तर विचारायलाच नको.

हवा थंड टायरमध्येच मोजावी, ती यासाठी. पहाटे २० अंशांना भरलेले ५० पौंड दुपारी ४५ अंशांना नुसत्या हवामानाने ५५ च्या पुढे जातात. ही वाढ टायर बनवताना गृहीत धरलेली असते. ती पाहून घाबरून गरम टायरची हवा सोडली, की दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टायर कमी हवेवर कामाला लागतो.

हा धडा अमेरिकेने मोठी किंमत मोजून घेतला. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने तिथे १ कोटी ४४ लाख टायर परत मागवण्याची घोषणा केली. हे १५ इंची टायर प्रामुख्याने फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांवर होते. या टायरच्या बिघाडांशी संबंधित अपघातांत २७१ मृत्यूंची नोंद तिथल्या सरकारी यंत्रणेने केली. टायरच्या निर्मितीतले दोष, उष्ण राज्यांतले हवामान, गाडीची स्थिरता यांवर पुढे बराच वाद झाला. त्यात हवेचा मुद्दाही होता : फोर्डने शिफारस केली होती २६ पौंडांची, तर फायरस्टोनचे म्हणणे ३० चे. त्याच वर्षी तिथे नवा कायदा झाला आणि त्यातूनच टायरमधली हवा कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा नव्या गाड्यांत सक्तीची झाली.

कायदा आहे, तपासणी अपुरी

आपल्याकडेही नियम नाहीत असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये, कंपनीने ठरवलेल्या तपशिलांच्या विरोधात जाणारे बदल गाडीत करता येणार नाहीत, असे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. जादा भारासाठी २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार असा दंड आहे. २०२२ च्या अधिसूचनेने टायरची ओल्या रस्त्यावरची पकड, घर्षणात वाया जाणारी ऊर्जा आणि आवाज यांचे निकषही लागू केले. समृद्धी महामार्गावर अपघात वाढले, तेव्हा परिवहन विभागाने प्रवेशापाशीच टायर तपासून गोटा झालेले टायर असलेल्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली.

पण पिकअपचे खरे आयुष्य महामार्गावर कमी आणि शेत, घाट व बाजार समिती यांच्या दरम्यान जास्त जाते. व्यावसायिक गाडीची योग्यता तपासणी पहिली आठ वर्षे दोन वर्षांतून एकदा आणि नंतर वर्षातून एकदा होते. मधल्या काळात टायर काय स्थितीत आहे, हे मालकावर सोडलेले असते. आणि मालकाचे गणित क्रेटच्या संख्येवर चालते : भाडे क्रेटमागे, म्हणून खेप जितकी मोठी तितकी बरकत. चालक अनेकदा पगारी असतो. टायरची निवड त्याची नसते, पण जोखीम त्याचीच असते.

जोखीम फक्त त्याचीच असती तर एक वेळ ठीक होते. ऑगस्ट २०२५ मध्ये खेड तालुक्यात कुंडेश्वरच्या दर्शनाला महिलांना घेऊन निघालेली पिकअप घाटात कोसळली आणि किमान दहा महिलांचा जीव गेला. तिथे दोष टायरचा होता, असे इथे सुचवायचे नाही. पण ४० माणसे हौद्यात उभी राहिली, की दोन टनांच्या आसपास वजन होते, तेही उंचावर आणि वळणावर हलणारे. मालासाठी आखलेल्या गाडीचा टायर, ब्रेक आणि पाटे अशा भारासाठी कधीच मोजलेले नसतात. माल म्हणून माणसे भरण्याला कुठलाही टायर उत्तर नाही.

दुकानात जाण्यापूर्वी

चालकाच्या दाराजवळची पट्टी किंवा गाडीचे पुस्तक पाहून कंपनीने सांगितलेले माप, लोड इंडेक्स आणि हवा मोबाइलमध्ये टिपून घ्यावी. लोड इंडेक्स त्याहून जास्त चालेल, कमी कदापि नको. टायर मालवाहू जातीचा आहे ना, हे विचारून घ्यावे. बाजूवरच्या चार आकड्यांतले पहिले दोन बनवल्याचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ‘२३२४’ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. एका आसावर दोन वेगळे टायर घालू नयेत. खाचांची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत उतरली, की कायद्यानेच टायर बाद होतो. पावसाळ्याच्या तोंडावर तोवरही थांबू नये. स्टेपनीची हवाही त्याच दिवशी पाहावी.

बाजार समित्यांनाही इथे करण्यासारखे खूप आहे. बहुतेक ठिकाणी वजनकाटा असतोच. त्याच्या शेजारी हवेचे यंत्र, खात्रीचा मापक आणि टायरच्या खाचा मोजणारी छोटी पट्टी ठेवायला फारसा खर्च येत नाही. मात्र हवा भरायची ती गाडी सावलीत थांबून टायर निवल्यावर. वजनकाट्यावर मालाचे किलो आपण बारकाईने वाचतो, कारण त्यावर पैसे ठरतात. टायरवरचे किलोही तितक्याच बारकाईने वाचायला हवेत. करकपातीने वाचलेले पैसे रुंदीवर घालायचे की ताकदीवर, हे त्यावरूनच ठरेल.