रकान्यांतली तुलना

साम्ये पाच, भेद पाच आणि शेवटी ‘दोन्ही कलाकृती आपापल्या परीने श्रेष्ठ’! तुलनेच्या नावाखाली मराठीच्या उत्तरपत्रिकांतून चालणाऱ्या या मोजदादीला आमचा विरोध आहे.

‘बनगरवाडी’ (१९५५) आणि ‘गोतावळा’ (१९७१) घ्या. दोन्ही कादंबऱ्या ग्रामीण, दोन्हींचे निवेदन प्रथमपुरुषी, दोन्हींत एक जग विस्कटते. एवढे नोंदवून काय साधले? खरा प्रश्न पुढे आहे : हे विस्कटणे सांगतो कोण? माडगूळकरांचा मास्तर बाहेरून वाडीत येतो. त्याचे निवेदन प्रमाणभाषेत. आनंद यादवांचा नारबा गडी म्हणून राबणारा. त्याचे सारे निवेदनच बोलीत. वाडी दुष्काळाने उठते, गोतावळा ट्रॅक्टर आल्याने मोडतो. मास्तर ते पाहतो आणि वाडी सोडतो. नारबाचे तर जगच जाते. साम्याच्या पायावर उभा राहिला की भेद असा बोलू लागतो.

भूम तालुक्यातील ईटसारख्या गावच्या विद्यार्थ्याला दुष्काळ ठाऊक असतो, ट्रॅक्टरही. प्रश्न त्याच्यापाशी असतोच. गाईड तो हिरावून घेते. तेव्हा आधी प्रश्न विचारावा, मग पुस्तके शेजारी ठेवावीत. रकाने भरण्याचे काम तलाठ्याकडेच राहू द्यावे.