कान इंजिनाकडे, नजर वहीकडे

मिरजेचा कान तयार आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांनी जेथे वास्तव्य केले आणि जेथील सतारमेकर आजही भोपळ्यावर तारा चढवितात, त्या गावात यंत्राचा आवाजसुद्धा काही लोक निराळ्या कानाने ऐकतात. बाजारपेठेतील एक भुसार व्यापारी त्यांपैकीच एक. वय साठीच्या पुढे. वाड्याच्या मागील अंगणात त्यांची 2002 सालची फियाट पॅलिओ उभी असते, तीही 1.6 लिटर इंजिनाची, सुमारे शंभर अश्वशक्तीची. तिच्या नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे, पर्यावरण कर भरला आहे. रविवारी सकाळी गाडी चालू करून, बॉनेट उघडून दोन मिनिटे नुसते ऐकत उभे राहायचे, हा त्यांचा नेम. ‘जवारी बिघडलेली सतार आणि टायमिंग चुकलेले इंजिन, दोन्ही लगेच कळतात,’ असे ते म्हणतात.

अशा माणसाने रोजच्या कामासाठी विजेवर चालणारी नेक्सॉन घेतली, तेव्हा बाजारात थट्टा झाली. आवाजाच्या भोक्त्याने मुकी गाडी आणली! त्यांचे उत्तर हिशोबी होते. मिरज ते सांगलीचे मार्केट यार्ड, आठवड्यातून एकदा जयसिंगपूर, क्वचित कोल्हापूर. दिवसाची धाव शंभर किलोमीटरच्या आत. रात्री घरच्या मीटरवर चार्जिंग, युनिटमागे सहा-सात किलोमीटर. दुकानाच्या व्यापारी दराच्या मीटरवर लावली असती तर हे गणित इतके गोड राहिले नसते, हेही ते सांगतात. आणि ज्याच्या दारात स्वतःची जागा व स्वतःचा प्लग नाही, त्याने या फंदात तूर्त पडू नये, असे त्यांचे स्पष्ट मत आहे. राबणारी गाडी मुकी असली तर बिघडत नाही. शौकाच्या गाडीने मात्र बोलले पाहिजे.

या दोन गाड्या त्यांना परक्या वाटत नाहीत, याला आणखी एक कारण आहे. सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात 1882 साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या त्या कारखान्यातून आधी क्रायस्लरच्या, मग फियाटच्या गाड्या निघाल्या, पद्मिनीही तेथलीच. पुढे त्याच कुर्ल्यात पॅलिओ तयार झाली. मग फियाटचे काम पुण्याजवळील रांजणगावला गेले, आणि ज्या रांजणगावातून 2015 मध्ये 145 अश्वशक्तीची अबार्थ पुंटो बाहेर पडली, तेथूनच 2020 मध्ये विजेची नेक्सॉनही आली. विश्रामबागेतील वालचंद महाविद्यालयावरून जाताना ही वंशावळ ते सोबतच्या माणसाला सांगितल्याशिवाय राहत नाहीत, सोबतच्याने ती कितीही वेळा ऐकलेली असो.

प्रश्न उभा राहिला तो पुतण्यामुळे. कोल्हापूर रस्त्यावरील एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे त्याने 2016 सालची अबार्थ पुंटो पाहिली.

“काका, नव्याच्या निम्म्याहून कमी किंमत. कर्ज काढू, फर्मच्या नावावर घेऊ, घसारा मिळेल.”

काकांना गाडी नापसंत नव्हती. उलट त्यांचे डोळे चमकले. जुनी स्पोर्ट्स कार घेण्यात शहाणपण आहे, असे ते स्वतःच सांगत आले आहेत, कारण किमतीची मोठी पडझड पहिल्या मालकाने सोसलेली असते. विजेच्या गाडीचे मात्र ते उलट मानतात. तेथे जुनी घेणे म्हणजे दुसऱ्याने वापरलेली मुदत विकत घेणे. पहिल्या नेक्सॉनच्या बॅटरीची हमी आठ वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर. 2020 ची गाडी आज घेतली तर हातात उरते किती? काही कंपन्यांची ‘आजीवन’ हमी तर पहिल्या मालकापुरतीच असते. म्हणून विजेची घ्यावी तर नवी, आणि दहा वर्षे वापरण्याच्या तयारीने. स्पोर्ट्स कार घ्यावी तर जुनी, परंतु आधी मेकॅनिक शोधावा, मग गाडी. फियाटने येथील मोटारविक्री थांबविली आहे. सुटा भाग कोण देणार हे ठाऊक नसताना स्वस्ताईला भुलू नये. परदेशी जुन्या गाड्यांत आसने खऱ्या चामड्याची असू शकतात, तेही आपल्या घरांत आधी विचारावे लागते.

पण खरा आक्षेप कर्जाला आणि फर्मच्या नावाला होता. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्या गाडीपेक्षा चढा असतो. घसारा पंधरा टक्के, तोही धंद्यासाठी झालेल्या वापरापुरता. रविवारी आंबोलीला नेलेली गाडी धंद्याची कशी ठरणार? शिवाय विकताना दुसरा हिशोब येतो. डिसेंबर 2024 मध्ये जैसलमेरच्या बैठकीत जीएसटी परिषदेने जुन्या वाहनांचा दर सरसकट अठरा टक्के केला. तो पूर्ण किमतीवर नाही. घसारा घेतलेल्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने वहीतील घटलेल्या किमतीपेक्षा जास्त भावाने गाडी विकली, तर त्या फरकावर. नुकसानीत विकली तर कर नाही. बाजारात याविषयी नाहक घबराट होती, तशीच आजही थोडी आहे.

“तुला हवी असेल तर तुझ्या बचतीतून घे,” काका म्हणाले. “पेढीच्या वहीत तुझा शौक लिहू नकोस. उद्या तुझा धाकटा भाऊ मोटारसायकल लिहील.”

पुतण्या गप्प झाला, पण हटला नाही. दोन दिवसांनी त्याने स्वतःची मुदतठेव मोडण्याची तयारी दाखविली. मग काका त्याच्यासोबत निघाले.

विक्रेत्याच्या आवारात गाडी चालू झाली. काकांनी डोळे मिटून ऐकले. आवाज खणखणीत होता. पुतण्याचा चेहरा उजळला. त्यानंतर काकांनी चालकाच्या बाजूचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला. एरवी दिसत नाही त्या टोकाला तपकिरी रेघ होती. मागे जाऊन त्यांनी डिकीतील चटई उचलली, स्टेपनी बाहेर काढविली. खोबणीच्या कडेला काळसर गाळ वाळून बसला होता. नोंदणी क्रमांक एमएच 10 ने सुरू होणारा. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत कोठवर आले होते, हे दोघांनाही सांगावे लागले नाही. विम्याचा मागील इतिहास विचारताच विक्रेत्याने चहा मागविला.

चेकबुक खिशातच राहिले. परतताना नेक्सॉन पुतण्या चालवीत होता. जयसिंगपूरपर्यंत कोणी बोलले नाही, आणि गाडीचा आवाज नसल्याने ती शांतता अधिकच जाणवत होती.

“काका, आवाज मात्र छान होता.”

“होता ना,” काका म्हणाले. “रविवारी सकाळी ये वाड्यावर. बॉनेट उघडू.”