आधी गाड्या, मग सरदार

पंधराव्या शतकातले युरोपीय सैन्य जमवायला घेतलेला माणूस आधी चिलखती सरदार घेतो, मग धनुर्धारी, मग एखादी तोफ. गाड्या मागे पडतात. हा क्रम आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की रसदगाडी म्हणजे टेबलाच्या कडेला ठेवायची शोभेची वस्तू, असेच बहुतेकांना वाटते. आमचे मत याच्या उलट आहे. या काळाचे सैन्य उभे करायचे असेल, तर सुरुवात गाड्यांपासून करावी. हा अंक गाड्यांना दिला आहे तो त्यासाठीच.

१२ फेब्रुवारी १४२९ ची लढाई घ्या. ऑर्लेआँला वेढा घालून बसलेल्या इंग्रज फौजेसाठी सर जॉन फास्टॉल्फ पॅरिसहून रसद घेऊन निघाला होता. सुमारे तीनशे गाड्या होत्या. लेंटच्या उपवासात मांस वर्ज्य, म्हणून त्यांत हेरिंग माशांची पिंपे भरलेली. रूव्रेजवळ फ्रेंच आणि त्यांचे स्कॉट साथीदार आडवे आले. फास्टॉल्फने गाड्यांचा कोट केला, आत-बाहेर करायला वाटा ठेवल्या आणि धनुर्धाऱ्यांपुढे टोकदार खुंट रोवून घेतले. फ्रेंच तोफा गाड्यांवर चालू लागल्या, पिंपे फुटू लागली. तोफांचे काम पुरे व्हायच्या आतच स्कॉट सैनिक घोड्यांवरून उतरून चालून गेले आणि बाणांच्या माऱ्यात सापडले. त्यांचा सरदार जॉन स्ट्यूअर्ट ऑफ डार्नली तिथेच पडला. रसद वेढ्यापर्यंत पोहोचली, आणि या झुंजीला हेरिंगची लढाई हेच नाव कायमचे चिकटले.

ही लढाई गाड्यांशिवाय मांडताच येत नाही. इथे गाडी हाच तट, गाडी हेच लक्ष्य, आणि जय-पराजयाचा निकालही गाड्यांवरच. किती सरदार मारले याचे गुण मोजत बसण्यापेक्षा किती गाड्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचल्या याचे गुण मोजून पाहा. फ्रेंच बाजू खेळणाऱ्याला मग एकच प्रश्न छळतो : तोफांना आणखी किती डाव द्यायचे? त्याच्या हाताखालचे स्कॉट अधीर आहेत, आणि पटावरचा ताण तिथूनच निर्माण होतो.

गाड्यांचे युद्धशास्त्र खऱ्या अर्थाने घडवले ते बोहेमियातल्या हुसाइटांनी. यान झिझ्काने २५ मार्च १४२० रोजी सुदोमेर्झला जेमतेम चारशे माणसे आणि बारा गाड्यांच्या बळावर आपल्याहून कितीतरी मोठे घोडदळ परतवून लावले. पुढे या गाड्या खास लढाईसाठी बांधल्या जाऊ लागल्या. एका बाजूला जाड फळ्यांची भिंत, चाकांमधली मोकळी जागा झाकणारी खाली लोंबती फळी, आणि शेजारच्या गाडीशी जखडायला साखळी. आतली माणसे पाहा : क्रॉसबोवाले, हातातली बंदूक चालवणारे, आणि धान्य झोडपायच्या दांड्याला लोखंड ठोकून त्याचेच हत्यार केलेले शेतकरी. झिझ्काच्या माणसांना एकसारखी चिलखते घालणे म्हणजे त्यांचा इतिहासच पुसणे होय.

याच कोटाची कमजोरीही नियमांत उतरायला हवी. ३० मे १४३४ रोजी लिपानीला शत्रूने माघारीचे सोंग केले. ताबोरी, म्हणजे कडव्या हुसाइटांचे सैन्य गाड्या सोडून पाठलागाला धावले आणि उघड्यावर कापले गेले. त्यांचा सेनापती प्रोकोप होली त्यातच मारला गेला. म्हणून ‘डीबीए’सारख्या नियमावलीत युद्धगाडी हा स्वतंत्र घटक असला, तरी प्रसंग रचणाऱ्याने कोट कधी आणि कोणी उघडायचा, याची अट स्वतः घालावी.

या पद्धतीचा प्रवास आपल्या ओळखीच्या रणांगणापर्यंत येतो. हुन्यादीच्या हंगेरियन फौजांनी ती उचलली, त्यांच्याशी लढता लढता ऑटोमनांनी ती शिकून घेतली आणि १५१४ मध्ये चाल्दिरानला वापरली. १५२६ मध्ये पानिपतावर बाबराने रूमी, म्हणजे ऑटोमन, रीतीने गाड्या चामडी दोरांनी एकमेकींना बांधल्या आणि मधल्या जागेत आडोसे उभे केले. बाबरनाम्यात सातशे गाड्यांचा उल्लेख आहे. पानिपत मांडू इच्छिणाऱ्याने बोहेमियाचा अभ्यास टाळू नये, तो याचसाठी.

आता खरेदीचा हिशोब. चिलखते भराभर बदलत गेली. त्यामुळे पेरी मिनिएचर्सच्या १४१५ ते १४२९ च्या इंग्रज संचातले सरदार १४५० ते १५०० च्या संचातल्या माणसांशेजारी उभे केले, की जाणकाराला लगेच खटकतात. साध्या मालगाडीचे तसे नाही. शेतकऱ्याची, व्यापाऱ्याची गाडी त्या शतकात फारशी बदलली नाही. चांगल्या रंगवलेल्या सहा गाड्या रूव्रेलाही चालतात आणि १४७६ च्या ग्रांसाँलाही, जिथे बरगंडीचा शार्ल आपली सगळी छावणी स्विसांच्या हाती टाकून पळाला. पैशाच्या मोबदल्यात इतका वापर दुसरी कोणतीच फिगर देत नाही.

आधार म्हणून डोळ्यांसमोर ठेवावे ते वोल्फेगचे हाउसबुक. १४८० च्या सुमाराच्या या हस्तलिखितात कूच करणारे सैन्य आणि गाड्यांनी वेढलेली छावणी, दोन्ही रेखाटलेली आहेत. रंगवायला बसण्याआधी ती पाने नीट न्याहाळा.

चाकाकडे विशेष लक्ष द्या. आपल्याला बैलगाडीची अखंड धाव पाहायची सवय असते, आणि ब्रश आपोआप चाकाभोवती लोखंडी रंगाचे सलग कडे ओढतो. त्या काळी युरोपातल्या चाकांवर बहुधा लोखंडाचे तुकडे ठोकलेले असत. दर तुकड्याला शेवट आहे, सांधा आहे, आणि जाड डोक्याचे खिळे वर आलेले आहेत. २८ मिमीच्या चाकावर सांध्यांच्या बारीक गडद रेघा आणि खिळ्यांचे ठिपके एवढे केले, तरी चाक त्या काळाचे दिसू लागते. जमिनीला टेकणारा भाग घासून उजळ ठेवा, कडांना गंजाचा तपकिरी रंग द्या, तुंब्याभोवती वंगणाचा काळपट डाग.

दुसरी गोष्ट गाडीवानाची. त्याला पुढच्या फळीवर बसवण्याचा मोह होतो. मोठ्या चारचाकी गाडीचा हाक्या पुष्कळदा जोडीतल्या डाव्या घोड्यावरच स्वार असे, म्हणून खोगीर त्या घोड्यावर हवे. घोड्यांच्या गळ्यात जू नको, खांद्यावर बसणारे भरीव गळपट्टे हवेत.

तिसरी गोष्ट लांबीची. चार मीटरची गाडी २८ मिमीच्या मापात सुमारे सात सेंटिमीटर होते. पुढे घोड्यांच्या दोन जोड्या धरल्या की सतरा-अठरा सेंटिमीटर. प्रत्यक्षात अशी गाडी रस्त्यावर दहा मीटर जागा व्यापते. शंभर गाड्या एकामागून एक निघाल्या की एक किलोमीटरचा तांडा, आणि फास्टॉल्फकडे याच्या तिप्पट होत्या. हा हिशोब एकदा मनात बसला की अरुंद पूल, चिखलाचा चढ, मोडलेला आस हे सगळे लढाईचे विषय होतात. म्हणून घोडे आणि गाडी वेगवेगळ्या बेसवर लावा. कोट करताना घोडे काढून आत नेता येतात आणि गाड्या एकमेकींना भिडवता येतात.

आणि गाडीबरोबर माणसे हवीत. लोहार, सुतार, पिंपे उतरवणारे हमाल, स्वयंपाक करणाऱ्या बाया, मोहिमेमागून चालणारे सगळे बाजारबुणगे. सरदाराचा पराक्रम यांच्या खांद्यांवर उभा होता. टेबलावर यांना जागा मिळाली, तरच आपण मांडतो ते सैन्य ठरते, नाहीतर ती चिलखतांची नुसती रांग.

वाचकांना आमचे आवाहन एवढेच आहे. पुढचा सरदारांचा संच मागवण्याआधी दोन गाड्या करा. विकतच्या असोत, थ्री-डी प्रिंटरवरच्या असोत की बाल्सा आणि आइस्क्रीमच्या काड्यांच्या. गाड्यांवर निकाल लागेल असा एक प्रसंग रचा आणि सवंगड्यांबरोबर खेळा. त्याचा आराखडा, नियम आणि छायाचित्रे आमच्याकडे पाठवा. उत्तम प्रसंग आम्ही पुढच्या अंकांतून छापू, म्हणजे एकाने केलेला अभ्यास सगळ्यांच्या टेबलांवर पोहोचेल.