एकट्या मुलाच्या हातातील फोन

मुले इंटरनेटवर काय पाहतात यावर ‘पालकांनी लक्ष ठेवावे’, हा उपदेश आज शाळेच्या सूचनेपासून पोलिसांच्या पत्रकापर्यंत सर्वत्र आढळतो. परंतु ज्या घरात बाप बारा तासांच्या ड्यूटीवर असतो आणि आई चार घरची धुणीभांडी उरकून दिवेलागणीला परतते, तेथे लक्ष ठेवायचे कोणी? उपदेशकांपाशी याचे उत्तर नाही. शिवाय या घरात फोन चैनीसाठी आलेला नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, शिक्षण फोनवर गेले आणि पोटाला चिमटा घेऊन, प्रसंगी कर्ज काढून तो घ्यावा लागला. शाळा उघडल्या, फोन राहिला.

धोका काल्पनिक नाही, पण तो ओळखण्यात चूक होते. २०१७ साली ‘ब्लू व्हेल’ खेळाचा केवढा गवगवा झाला! पुढे केंद्र सरकारच्या समितीला तपासलेल्या एकाही घटनेत त्या खेळाचा संबंध सिद्ध करता आला नाही. खरा धोका इतका अद्भुत नसतो. खेळाच्या अ‍ॅपवर समवयस्क म्हणवणारे कोणी भेटते, स्तुती करते, घरच्यांविषयीच्या तक्रारी आस्थेने ऐकते; मग ‘हे आपल्या दोघांतच राहू दे’ असे सांगून संभाषण खाजगी संदेशांवर नेते आणि एक छायाचित्र मागते. ते हाती पडताच भाषा बदलते : आणखी पाठव, पैसे पाठव, नाहीतर शाळेत सर्वांना दाखवीन. या गुन्हेगाराचे खरे भांडवल छायाचित्र नव्हे, तर ‘घरी कळले तर मार बसेल’ ही मुलाची भीती होय. फोन हिसकावून मुस्कटात भडकावणारा बाप अजाणता त्याच भांडवलात भर घालतो. १०९८ आणि १९३० या हेल्पलाइन आहेत, २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. परंतु मुलाने तोंडच उघडले नाही, तर त्यांचा उपयोग काय?

आणि केवळ गुन्हेगाराकडे बोट दाखवून भागत नाही. मुलाचा प्रत्येक मिनिट जाहिरातदाराला विकणाऱ्या कंपन्यांचे काय? २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगेन यांनी फेसबुकची अंतर्गत कागदपत्रे उघड केली. दर तीन किशोरवयीन मुलींपैकी एकीची स्वतःच्या शरीराविषयीची खंत इन्स्टाग्राम वाढविते, असे कंपनीच्याच सादरीकरणात नमूद होते. म्हणजे ठाऊक होते. धंदा चालू होता.

ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी आली. त्या बंदीच्या परिणामकारकतेविषयी मतभेद होऊ शकतात. तथापि तेथे ४ कोटी ९५ लाख डॉलरपर्यंतचा दंड कंपनीला आहे, पालकाला वा मुलाला नाही, हे लक्षणीय आहे. आपल्याकडे मुलांचा माग काढून त्यांच्यावर जाहिरातींचा मारा करण्यास मनाई करणारा कायदा २०२३ साली संमत झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि पालनासाठी कंपन्यांना आणखी अठरा महिने बहाल झाले. दाराशी आलेल्या संकटाला एवढी सवड!

राहिला प्रश्न एकट्या दुपारचा. कारखान्यातील पाळणाघराची कायदेशीर तरतूद सहा वर्षांखालील मुलांपुरती आहे. दहा-बारा वर्षांचे मूल शाळा सुटल्यावर कोठे जाते, याची दखल कोणत्याही कामगार कायद्याने घेतलेली नाही. वस्तीतील शाळेचे दोन वर्ग रात्री आठपर्यंत उघडे ठेवावेत, तेथे पुस्तके, खेळ आणि पगारी शिक्षिका असावी, ही मागणी कामगार संघटनांच्या मागणीपत्रकांतही क्वचितच दिसते.