पेंड आली, कडबा गेला

शेजाऱ्याने आपल्या बैलासाठी सरकीच्या पेंडीचे पोते दिले आणि धन्याने त्याच दिवशी तेवढ्याच किमतीचा कडबा विकला, तर बैलाच्या अंगी काय लागणार? अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात शाळांचे असेच झाले. हे राज्य त्या देशात सर्वांत जास्त कापूस पिकवते. लबकच्या पठारावर कोरडवाहू कापूस आणि ज्वारी आपल्यासारखीच आभाळाकडे डोळे लावून असते. म्हणून तिथला हिशेब आपण बघायचा.

अमेरिकेत सरकारी शाळांचा खर्च राज्य आणि गाव करते. केंद्राचा वाटा रुपयात दहा पैशांच्या आसपास. २००८ च्या मंदीत राज्यांचा करच आटला. केंद्र कर्ज काढून तूट भरते, राज्यांना मात्र बहुतेक ठिकाणी जमाखर्च जुळवावाच लागतो. म्हणून फेब्रुवारी २००९ मध्ये ओबामा सरकारने मंदीवर उतारा म्हणून मोठा कायदा केला. त्यातले ४,८६० कोटी डॉलर राज्यांच्या गव्हर्नरांकडे दिले. (तिथला गव्हर्नर निवडून आलेला असतो, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा.) त्यातले रुपयातले ८२ पैसे शिक्षणावरच लावायचे होते.

अट एकच महत्त्वाची : राज्याने शाळांवरचा स्वतःचा खर्च २००६ सालच्या खाली नेऊ नये. मेख इथेच आहे. २००६ नंतर खर्च वाढलेला होता. म्हणजे तिथपर्यंत हात आखडता घ्यायला कायद्यानेच वाट ठेवली! केंद्राच्या शिक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी त्याच वर्षी तसा इशाराही दिला.

टेक्सासने २००९ च्या अंदाजपत्रकात शाळांसाठी ३२० कोटी डॉलर हे केंद्राचे घातले आणि तेवढे स्वतःचे वाचवले. तेल आणि वायूवरील करातून भरणाऱ्या राखीव निधीला हातही लावला नाही. शिक्षकांच्या नोकऱ्या त्या दोन वर्षांत टिकल्या, हे खरे. ही मदत फुकट गेली असे आम्ही म्हणणार नाही. पण पैसा एकदाच येणारा होता आणि पगार दर महिन्याचा.

२०११ मध्ये पोते रिकामे झाले. विधिमंडळाने दोन वर्षांसाठी शाळांचे ५४० कोटी डॉलर कापले. सहाशेहून अधिक शाळा-मंडळे कोर्टात गेली. २०१४ मध्ये खालच्या कोर्टात जिंकली, २०१६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हरली.

याआधीच, २०१० मध्ये केंद्राने शिक्षकांच्या नोकऱ्यांसाठी आणखी १,००० कोटी दिले, तेव्हा एकट्या टेक्सासपुरते कलम घातले : शाळांचा वाटा २०१३ पर्यंत घटवणार नाही अशी हमी द्या. गव्हर्नर रिक पेरी म्हणाले, राज्यघटना मला अशी हमी देऊ देत नाही. ८३ कोटी अडकून पडले. एप्रिल २०११ मध्ये केंद्राने कलमच मागे घेतले. हमी मागणाराच दमला.

आणि २०२० च्या महामारीत पुन्हा तेच. केंद्राच्या पहिल्या हप्त्यातील सुमारे १३० कोटी डॉलर टेक्सासने शाळांना राज्याकडून मिळायच्या रकमेच्या जागी वापरले. शाळांच्या हाती जादा काही पडले नाही.

केंद्राकडून अमुक कोटी आले, अशी घोषणा जिल्ह्याच्या मेळाव्यात कुणी केली, तर टाळी वाजवण्याआधी गेल्या वर्षी राज्याने स्वतःचे किती घातले होते आणि यंदा किती घातले, हे दोन आकडे त्याच्याकडून मागून घ्या.