क्वांटमची ओळख आपल्या भाषेतून व्हावी

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२५ हे वर्ष क्वांटम विज्ञान व तंत्रज्ञानाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. आपल्या केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली आणि २०३०-३१ पर्यंतच्या कामासाठी सुमारे ६,००३ कोटी रुपयांची तरतूद केली. कर्नाटक सरकारनेही २०२५ मध्ये १,००० कोटी रुपयांच्या योजनेची घोषणा केली. हा पैसा जनतेचा आहे, म्हणजे खटकचिंचोळीच्या शेतकऱ्याचाही आहे. परंतु तो कशासाठी खर्च होत आहे, हे त्याला त्याच्या भाषेत कोणी सांगितले आहे काय? हे काम शाळेने अंगावर घ्यावे, असे आम्हास वाटते.

क्वांटम म्हणजे काय? मराठीत यासाठी ‘पुंज’ हा शब्द आहे. पोत्यातून ज्वारी ओतताना लांबून पाहिले तर एक सलग धार दिसते. जवळ गेल्यावर कळते की ती दाण्यांची आहे. प्रकाशाचेही असेच आहे. १९०० साली जर्मनीतील माक्स प्लांक यांनी ऊर्जा ठरावीक मापाच्या पुंजांनी दिली-घेतली जाते असे मांडले आणि येथून या विज्ञानाचा प्रारंभ झाला.

मात्र दाखला दिला की तो कोठे संपतो हेही सांगितले पाहिजे. ज्वारीचा दाणा एक तर सुपात असतो, नाही तर जात्यात. इलेक्ट्रॉनसारखा सूक्ष्म कण मोजण्यापूर्वी अमुकच ठिकाणी होता असे म्हणता येत नाही, आणि मोजमाप केले की त्याची स्थिती बदलते. येथे आपला रोजचा अनुभव अपुरा पडतो. विद्यार्थ्यांना हे स्पष्ट सांगावे. ‘एक वस्तू एकाच वेळी दोन ठिकाणी’ असे चमत्काराच्या थाटात सांगितले, तर टाळ्या मिळतील, पण समज वाढणार नाही.

हे विज्ञान आपल्या घरात केव्हाच आले आहे. एलईडी दिवा, मोबाईलमधील चिप, शेतातील सौर पंप, दवाखान्यातील एमआरआय यंत्र ही सर्व त्याचीच फळे आहेत. आता पुढचा टप्पा आहे तो एकेका कणावर ताबा ठेवून त्याच्याकडून काम करून घेण्याचा. ऑगस्ट २०२४ मध्ये संरक्षण संशोधन संस्थेची पुण्यातील प्रयोगशाळा व मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी मिळून सहा क्युबिटच्या संगणकीय चिपची चाचणी पूर्ण केली. असे संगणक सर्वच कामे झटपट करतील हा समज चुकीचा आहे. नवीन औषधे, खते, पदार्थ यांच्या रेणूंचा अभ्यास अशा मोजक्या कामांत त्यांचा मोठा उपयोग व्हावा अशी अपेक्षा आहे. आजची यंत्रे लहान आहेत व त्यांच्याकडून चुकाही पुष्कळ होतात.

सामान्य माणसाचा संबंध येतो तो कुलपाशी. आज शेताची पहाणी संगणकावरून निघते, पैसे मोबाईलवरून जातात. हे व्यवहार गणिती कुलपांनी सुरक्षित ठेवलेले असतात. पुरेसा मोठा क्वांटम संगणक यांतील काही कुलपे उघडू शकेल, हे पीटर शोर यांनी १९९४ साली दाखवून दिले. तसा संगणक अजून बनलेला नाही. तरी नव्या कुलपांची तयारी सुरू झाली असून अमेरिकेच्या प्रमाणक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये पहिली तीन प्रमाणे जाहीर केली. म्हणजे घाबरण्याचे कारण नाही, पण बेसावध राहण्याचेही नाही. बँकांनी व सरकारी कचेऱ्यांनी ही कुलपे वेळेवर बदलली की नाही, हे विचारण्याचा हक्क नागरिकाला आहे. ज्याला विषयच ठाऊक नाही तो विचारणार काय?

आणि आपण सांगितले नाही तर दुसरे कोणी तरी सांगणारच. हातात दांडी धरायला लावून मिनिटभरात शरीरातील सारे रोग सांगणारी ‘क्वांटम’ यंत्रे आणि ‘क्वांटम’ लॉकेटे बाजारात आली आहेत. संरक्षण देतात म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा लॉकेट-कड्यांपैकी दहा वस्तू चक्क किरणोत्सारी असल्याचा इशारा नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा खात्याने डिसेंबर २०२१ मध्ये दिला होता. अज्ञानाची किंमत गरीब माणूस खिशातून आणि कधी प्रकृतीनेही मोजतो.

काही पालक म्हणतील की हे विषय इंग्रजीतच शिकावेत, पुढे बेंगळुरूला तेच उपयोगी पडेल. इंग्रजी यावीच, याबद्दल दुमत नाही. पण समज आणि परिभाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांच्या नावाने ‘बोसॉन’ कण ओळखले जातात त्या सत्येंद्रनाथ बोस यांनी १९४८ साली कोलकात्यात वंगीय विज्ञान परिषद स्थापून बंगालीतून विज्ञान सांगितले. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून हेच कार्य करीत आहे. २०२५ च्या मे महिन्यात दिवंगत झालेले डॉ. जयंत नारळीकर जागतिक कीर्तीचे शास्त्रज्ञ असूनही मराठीतून लिहीत राहिले. आणि आपल्याच जिल्ह्यातील कल्याणात बाराव्या शतकात शरणांनी आपले विचार लोकांच्या कन्नडमध्येच मांडले होते. ज्ञान लोकभाषेत आणणे या मातीला नवे नाही.

म्हणून आमच्या काही सूचना आहेत. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनी एक तास केवळ पालकांसाठी ठेवावा. ज्याच्या स्मरणार्थ हा दिवस असतो तो रामन यांचा शोधही प्रकाशकण व रेणू यांच्यातील देवाणघेवाणीचाच आहे. त्या तासाला विद्यार्थ्यांनी एलईडी, सौर पट्टी आणि लेझर यांचे साधे प्रयोग मराठीत समजावून द्यावेत. घरी कन्नड वा दखनी बोलणाऱ्यांसाठी त्या भाषांतही दोन शब्द सांगावेत. पन्नास शब्दांचा मराठी-कन्नड-इंग्रजी कोश मुलांनीच तयार करावा. विश्वस्त मंडळाने वाचनालयासाठी मराठी व कन्नड विज्ञान मासिकांची वर्गणी मंजूर करावी. खर्च फार नाही.

आपल्या शाळेतून क्वांटम शास्त्रज्ञ घडला तर आम्हाला अभिमानच वाटेल. पण तसे न घडले तरी, ‘क्वांटम’ लिहिलेली वस्तू दारात विकायला आली असता ‘हे कसे चालते, दाखवा’ असे म्हणणारा विद्यार्थी प्रत्येक घरात असावा, एवढी अपेक्षा शाळेकडून ठेवणे मुळीच अवाजवी नाही.